मेमरी वाढली, लॅपटॉप बसला

नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी पुरतं. १९२८ साली सुरू झालेल्या करन्सी नोट प्रेसमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय, आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेतल्याशिवाय, चैन पडत नाही. जेलरोडच्या एका सोसायटीचे खजिनदार असलेले काका त्यांतलेच. लॅपटॉपची रॅम स्वतःच्या हातानं वाढवायला घेतली तेव्हा त्यांनी ९ स्क्रू काढले, लांब आणि आखूड असे दोन वाट्यांत ठेवले आणि आकडा वहीत टिपला.

निमित्त झालं विंडोजचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट बंद झाले. काकांचा लॅपटॉप २०१९ चा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारा. पण मेमरी अवघी ४ जीबी. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर तेवढी पुरते. कागदावर पुष्कळ गोष्टी पुरतात. प्रत्यक्षात मेंटेनन्सची एक्सेल फाइल उघडेपर्यंत काकूंचा चहा उकळून गाळून व्हायचा. त्यातच एआयची डेटा सेंटरं जगभरातली मेमरी उचलू लागलेली, भाव चढलेले. ८ जीबीच्या स्टिकची किंमत काकांनी दुकानदाराला दोनदा विचारली. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा पैसे दिले.

स्टिक बसली, झाकण लागलं, नऊच्या नऊ स्क्रू जागेवर गेले. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच.

“विंडोज उडालं,” शेजाऱ्यांनी निकाल दिला. आपल्याकडे लॅपटॉपला काहीही झालं तरी विंडोजच उडतं. दुसरा पक्ष व्हायरसचा होता. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा तर पेनड्राइव्ह घेऊन फॉरमॅट मारायलाच आला.

इथे लॅपटॉपची बाजू मांडायला हवी. बटण दाबल्यावर विंडोजचा नंबर फार उशिरा लागतो. आधी मदरबोर्डवरचं बायॉस जागं होतं आणि प्रोसेसर, मेमरी अशी हजेरी घेतं. मेमरी गैरहजर असेल तर तसं स्क्रीनवर लिहायलाही मेमरीच हवी! म्हणून मग कुठला लॅपटॉप बीप देतो, कुठला कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा मिचकावतो. काकांचा लॅपटॉप दिवा मिचकावून जीव तोडून सांगत होता, आणि अख्खी सोसायटी स्क्रीनकडे बघत बसली होती.

तशी ही मेमरी मुळातच विसराळू. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ साली पेटंट घेतलेल्या रचनेत एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरला नाही तर आतलं गेलंच. थोडक्यात, काकांनी दोनदा भाव विचारून घेतलेली वस्तू सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळं विसरायच्या बेतात असते.

संध्याकाळी हिंजवडीहून मुलाचा फोन आला. “बाबा, चार्जर काढा, बॅटरीची पिन काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा. मग जुनी स्टिक एकटीच लावून बघा.” जुनीवर लॅपटॉप चालू! नवी एकटी लावली तर पुन्हा अंधार. आता सगळे दुकानदारावर घसरले. कोणी नातीचं खोडरबर पुढं केलं. काळवंडलेल्या पिना रबरानं घासायचा दुरुस्तीवाल्यांचा उपाय जुन्या रॅमवर कधीकधी लागूही पडतो, पण नव्या कोऱ्या स्टिकवर कशाला? चुरा सॉकेटात गेला तर आणखी एक दुखणं.

काकांनी भिंग घेतलं आणि पिना मोजल्या. या बाजूला १३०, त्या बाजूला १३०. एकूण २६०, म्हणजे डीडीआर४, बरोबर. डीडीआर३ ला २०४ पिना आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती या सॉकेटात शिरलीच नसती. मग स्टिक पुन्हा बसवली आणि भिंग सॉकेटावर आलं, तेव्हा एका टोकाला सोनेरी कड डोकावताना दिसली. स्टिक तिरकी धरून पार आत सारायची आणि मगच खाली दाबायची असते. आयुष्यभर कोरे कागद जपलेला हात जोर करायला धजावलाच नव्हता.

या खेपेला दोन्ही क्लिपा टक्कन वाजल्या. जुनी स्टिकही जागेवर परत गेली. बटण दाबलं, तरी स्क्रीन काळीच. काकांचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

“अहो, थांबा की जरा!” काकू म्हणाल्या.

काकूंचं बरोबर होतं. मेमरी बदलली की बायॉस आधी तिच्याशी वेळेचा ताळमेळ जुळवतं. डीडीआर५ मध्ये तर त्याला काही मिनिटंही लागतात. थोड्या वेळानं कंपनीचा लोगो उगवला आणि विंडोजनं १२ जीबी कबूल केले.

काकांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. विंडोजमधली मेमरीची चाचणी शेवटपर्यंत चालवली, ‘दोष नाही’ असं वहीत लिहून सही ठोकली आणि दुसऱ्या सहीसाठी वही काकूंपुढं सरकवली. काकूंनी सही केली आणि दिवाळीपासून अडकलेला मिक्सर त्यांच्यासमोर आणून ठेवला. “स्क्रूड्रायव्हर बाहेर आहेच, तर हेही मोजा.”