घाटभैरव

प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये एक पंक्चर काढणारा असतो, एक फोटो काढणारा असतो आणि एक रूट काढणारा असतो. पहिल्या दोघांचा कुणाला त्रास नाही. तिसऱ्याला आम्ही घाटभैरव म्हणतो. आमच्या ग्रुपचा घाटभैरव अर्थात काका.

शनिवारी संध्याकाळी काकांचा मेसेज पडतो. ‘उद्या पहाटे सव्वापाच, स्वारगेट. निवांत राईड. नाश्ता नारायणपूरला, परत बोपदेवने. रूट बराचसा सपाट. मध्ये एखादा छोटा चढ.’ पुण्यातून दक्षिणेकडे जायचं ठरवून ‘सपाट’ असं लिहायला वेगळं काळीज लागतं. स्वारगेट सोडून घाम फुटायच्या आत जुना कात्रज घाट लागतो. काका तो धरतच नाहीत. तो वॉर्मअप. बोगदा ओलांडायचा, खेड शिवापूर मागे टाकायचं, कापूरहोळला डावीकडे वळायचं, केतकावळ्याच्या बालाजीला रस्त्यावरूनच हात जोडायचे, आणि मग पुरंदर आणि वज्रगड समोर येऊन उभे राहतात. मेसेजातला छोटा चढ तो इथे. सासवडनंतर बोपदेवपर्यंत जे काही वर-खाली होतं त्याला काका ‘रोलिंग’ म्हणतात. रोलिंग म्हणजे ज्याबद्दल तक्रार करायची नसते असा चढ.

एरवी माणूस अत्यंत सरळ. बँकेत तीस वर्षं काढली, व्हीआरएस घेतली, आजतागायत कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही. सोसायटीच्या सभेत हिशेबातली साडेसात रुपयांची चूक काढून सेक्रेटरीला रडकुंडीला आणतात. खोटं बोलतात ते फक्त चढाबद्दल, आणि तेही आकड्यांच्या आधाराने. ‘पाच किलोमीटर. सरासरी चार टक्के,’ असं ते सांगतात. शंभर मीटर पुढे जाताना चार मीटर वर. ऐकताना बचत खात्यावरच्या व्याजासारखं निरुपद्रवी वाटतं. पण त्या सरासरीत मधला किलोमीटरभराचा उतारही धरलेला असतो. तो वजा करा, म्हणजे वळणावळणाला दहा-अकरा टक्के निघतात. वळण आतल्या अंगाने घेतलंत तर आणखी वर. तिथे हँडलवरच्या काँप्युटरचा आकडा लाल होतो, वेग ताशी सहावर येतो, गिअर आधीच संपलेले असतात तरी बोट सवयीने आणखी एक शोधत राहतं, आणि एक माशी येऊन गॉगलच्या काचेवर बसते. उडत नाही. उडून जाण्याइतका वारा आपल्या वेगाने तयारच होत नाही.

काकांची खरी कामगिरी बघायची तर पाबे घाटात. पानशेत रस्त्यावर खानापूरहून वळलं की रांजण्याकडून वेल्ह्याला उतरणारा हा रस्ता. वर पोचल्यावर तोरणा आणि राजगड एका नजरेत मावतात, पण वर पोचेपर्यंत नजरेत फक्त पुढचं चाक मावतं. काका पुढे जाऊन थांबणाऱ्यांतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते उलट खाली येतात, सर्वांत मागे राहिलेल्याला गाठतात आणि त्याच्या शेजारून पुन्हा चढू लागतात. म्हणजे तोच घाट दोनदा. वर तोंडाचा पट्टा चालू.

‘ते वळण दिसतंय ना? ते संपलं की संपलं.’

वळण संपतं. पुढे तसंच आणखी एक.

‘हं, हे खरं शेवटचं.’

मग मघाचं काय होतं, असं विचारायला श्वास लागतो. तो आपल्याकडे नसतो हे काकांना पक्कं माहीत असतं. मग ते उदाहरणांवर येतात. नाशिकचे महाजन बंधू. दोघेही डॉक्टर, दवाखाना सांभाळून सराव केला आणि 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर! ‘आणि तुला पाबे जड?’ आपण मनात म्हणतो, ते दोघं होते हो काका, आळीपाळीने चालवत होते. मनातच म्हणतो, कारण वर सांगितलेलंच.

घाटात गुरांमागून एखादे बाबा येतात. आमच्यातला कुणीतरी दम खात विचारतो, ‘बाबा, चढ अजून किती आहे?’ बाबा मान न वळवता सांगतात, ‘ह्यो काय, आलंच की. त्या आंब्याच्या म्होरं.’ काकांचा चेहरा उजळतो. आयुष्यभर एकट्याने चालवलेल्या धंद्यात गावोगाव माणसं कामाला आहेत हे कळल्यावर उजळावा तसा. मग बाबा थांबतात, सायकलीला एक प्रदक्षिणा घालतात, टायर अंगठ्याने दाबून बघतात आणि मावळापासून भोरपर्यंत सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न विचारतात. ‘केवढ्याला पडली?’

‘पंधरा हजार.’

‘येवढ्यात जुनी हिरो होंडा आली आसती की!’

काका मोठ्याने हसतात. खरा आकडा ऐकला असता तर बाबांनी नव्या मोटरसायकलीचं, सोबत दोन शेळ्यांचं गणित मांडलं असतं. काकूंनाही पंधराच हजार सांगितलेत. दोन ठिकाणी दोन आकडे सांगितले की गोंधळ होतो, हा बँकेतला अनुभव.

या सायकलीचं वजन आठ किलोच्या आत आणायला काकांनी जिवाचं रान केलंय. स्टँड काढला, रिफ्लेक्टर काढले, घंटीही काढली (बोपदेव उतरताना स्वतःच ‘ट्रिंग ट्रिंग’ ओरडतात), आणि शेवटी ट्यूबच्या व्हॉल्व्हवरच्या दोन काळ्या टोप्यासुद्धा. एका टोपीचं वजन एक ग्रॅम. आणि मोसमात हाच माणूस सासवडच्या बाजारात उतरून दोन किलो सीताफळं घेतो. पहाटे बायकोला झोपेत सोडून आल्याचं हे प्रायश्चित्त. जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात. मधल्यात पंप, टायर लीव्हर आणि जादा ट्यूब, डावी-उजवीकडे सीताफळं. एकदा दिवे घाट उतरताना वाटेतल्या गतिरोधकाने डाव्या खिशाचा निकाल लावला. खाली मस्तानी तलाव उन्हात चमकत होता आणि काका रस्त्याच्या कडेला थांबून मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकातून काडीने गर काढत होते. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, सीताफळालाही ते मिळायला हवं, असं एक छोटं भाषण त्यांनी त्याही अवस्थेत केलं. उरलेल्या सीताफळांचं आम्ही तिथेच सोनं केलं. बिया घाटात कुठे कुठे उडाल्या असतील, देव जाणे.

नवीन सभासदासाठी काकांचा ठेवणीतला डाव म्हणजे ताम्हिणी. ‘मुळशीवरून कोकणात उतरायचं. सगळा उतार! माणगावला मासे.’ यात अक्षर खोटं नाही. धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता, पावसाळ्यानंतर डोंगरातून वाहणारं पाणी, पुढे उताराचा वारा, माणगावचं बांगडाफ्राय. सभासद तृप्त होऊन बडीशेप चघळत विचारतो, ‘आणि परत कसं जायचं?’

‘आलो तसंच.’

त्यानंतर तो सभासद ग्रुपवर ‘आजी तब्येतीने बऱ्या नाहीत’ असं तीन-चार रविवार कळवत राहतो. आणि मग येतो. हीच गोम आहे. काकांसोबतचा पहिला रविवार शिव्या घालण्यात जातो, दुसरा मांड्या चोळण्यात, पण महिन्याभराने हाच गडी सोमवारी ऑफिसात कुणालातरी ‘पसरणी घाट तसा सोपाच आहे’ म्हणून सांगत असतो. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब राईडला, साडेतेरा तास मिळतात, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे असतात, असल्या गोष्टी त्याला एव्हाना तोंडपाठ झालेल्या असतात. काकांची स्वतःची नजर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसवर आहे. 1200 किलोमीटर, 90 तास. ‘फ्रान्स काय, रोलिंगच आहे,’ असं ते परवा म्हणाले.

जानेवारी 2026 मधल्या पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी जिल्ह्यातले बरेच रस्ते नव्याने डांबरले गेले, तेव्हापासून काकांचं गावोगावचं वजन वाढलंय. एका टपरीवाल्याने तर ‘तुम्हा सायकलवाल्यांमुळं रस्ता झाला आमचा’ म्हणून चहाचे पैसेच घेतले नाहीत. काकांनी ते श्रेय नाकारलं नाही. खळखळ न करता दुसरा कप घेतला, आणि बाहेर पडताना क्लीटचे बूट खटखटवत सरपंचाने पाहणी करावी तसा कडेच्या डांबराला पायाने दाब देऊन पाहिला.

घरी मात्र हा माणूस अगदीच वेगळा. कोपऱ्यावरून दूध आणायचं तर स्कूटर. कारण सायकलीला स्टँड नाही, आणि कार्बनची सायकल दुकानाबाहेर भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे जिवाला घोर. शिवाय काका दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि सायकलीसकट लिफ्टने जातात. गेल्या रविवारी सिंहगड दोनदा करून परतले तर लिफ्ट बंद. मोजून चौतीस पायऱ्या. काकांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, सायकल भिंतीला लावली, वॉचमनची खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, ‘किती वेळ लागेल रे?’

‘फार नाही साहेब. निघालाय मेकॅनिक. हे काय, आलाच.’

‘मग बसतो,’ काका म्हणाले, आणि त्यांनी बूट काढले.