बिनपासाचं टपाल

खडकीत पासाशिवाय पान हलत नाही. 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, सॅपर्सचं केंद्र, लष्कराचं वर्कशॉप. जिकडे बघावं तिकडे फाटक, पहारा आणि 'छायाचित्र काढण्यास सक्त मनाई'. साधा पाना बाहेर न्यायचा तरी गेटपास लागतो. अशा गावातून सरकारी कागद मात्र रोज बिनपासाचे बाहेर पडतात, ते आमच्या मेलबहाद्दर साहेबांच्या कृपेने. ही जमात सगळ्याच कचेऱ्यांत आढळते. खडकीतल्या फाटकांमुळे इथे जरा जास्त उठून दिसते, एवढंच.

साहेबांच्या कार्डावर सरकारी मेलचा पत्ता छापलेला असतो आणि मागच्या बाजूला पेनाने लिहिलेला दुसरा. हा दुसरा भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलेला. ठेकेदाराला तो फोनवर सांगताना साहेब अगदी रंगात येतात. "राजा. मग खालची आडवी रेघ. मग 67. मग कूल, सी डबल ओ एल. हो, त्याच्यावरच टाका. सरकारीवर नको, तो मी बघत नाही."

बघणार कसे? सरकारी खातं दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदला म्हणतं, वर ओटीपी मागतं. "अहो, रात्री उशिरा घरी गेलो तर बायकोसुद्धा इतकी चौकशी करत नाही!"

त्यामुळे घर आणि कचेरी एकाच खात्यात गुण्यागोविंदाने नांदतात. एकदा 'पावसाळापूर्व नालेसफाई – तातडीचे' या विषयाखाली मेव्हणीच्या मुलाचा बायोडाटा वर गेला. उंची पाच-दहा, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. वरिष्ठांचा शेरा आला: 'पाहिले. नियमानुसार पुढील कार्यवाही करावी.' उलट सोसायटीशी पार्किंगचं भांडण मात्र साहेब सरकारी खात्यावरून करतात. पत्ता पाहिला की सेक्रेटरी वचकतो म्हणे.

कचेरीतल्या नव्या मुलीने एकदा धीर केला. "सर, 2015 च्या फेब्रुवारीत केंद्राचं ई-मेल धोरण आलंय. कचेरीचा पत्रव्यवहार सरकारी मेलवरूनच करायचा. खासगी मेलमुळे सरकारी अभिलेख परदेशी सर्व्हरवर जातात म्हणून भाजपचे माजी नेते गोविंदाचार्य दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते."

"तू फेब्रुवारीचं वाचलंस, मी मार्चचं वाचलंय," साहेब म्हणाले. "अमेरिकेची परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन! चार वर्षं सगळा कारभार घरच्या सर्व्हरवरून. बाई पत्रकारांना काय म्हणाली? खासगी मेलमध्ये मुलीचं लग्न होतं, योगासनं होती. आमच्याकडे तरी दुसरं काय असतं?" पुढच्या वर्षी त्या बाई निवडणूक हरल्या, हे तिने सांगायच्या आत साहेब चहाला उठले होते.

खरी पंचाईत माहिती अधिकाराच्या अर्जाने होते. कायद्यातल्या 'माहिती'त ई-मेलही येतो आणि उत्तराला मुदत तीस दिवसांची. कपाट उघडलं जातं, फाइल निघते, फाइलमध्ये मेलचा 'संदर्भ' असतो, मेल नसतो. मग 'सदर अभिलेख कार्यालयात उपलब्ध नाही' असं उत्तर जातं. तेही अगदी खरं. अभिलेख त्या वेळी साहेबांच्या खिशात, कॅन्टीनमध्ये वडापाव खात असतो.

यथावकाश साहेब निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. कचेरीची किल्ली, शिक्का, कचेरीचं सिमकार्ड, सगळं त्यांनी प्रामाणिकपणे जमा करून पोच घेतली. आठवड्याभराने नवा फोन घेतला आणि खातं उघडेना. ओटीपी गेला जुन्या नंबरवर, म्हणजे जमा केलेल्या सिमवर. आत बारा वर्षांचा सरकारी पत्रव्यवहार, मुलीच्या लग्नाचे फोटो, विम्याची पॉलिसी आणि स्वतःच्याच पेन्शनचे कागद.

साहेबांनी कचेरीत फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरे साहेब, सिमही त्यांच्याकडेच.

"सर, आकडा माझ्यासमोरच आहे," ते अदबीने म्हणाले. "द्यायलाही काही हरकत नाही. फक्त तशी लेखी विनंती पाठवा. आणि हो, सरकारी मेलवरूनच बरं का. खासगीवरची आम्ही हल्ली घेत नाही."