वेडी देवळाली नव्हती

इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं की तो ‘डूलॅली’ झाला असं म्हणतात. ब्रिटनमध्ये हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे आणि शब्दकोशांतही आहे. आजी चष्मा फ्रिजमध्ये विसरली, साहेब मीटिंगमध्ये भलतंच बरळले, की डूलॅली. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली. नाशिकशेजारची, छावणीची, मध्य रेल्वेवरची देवळाली. एका मराठी गावाचं नाव इंग्रजीत ‘वेडा’ या अर्थाने चालतं आणि याचा आपल्याला पत्ताही नसतो.

हे नाव वेडाला चिकटलं कसं, ते सांगायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कराने इथे छावणी उभारली. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी घाट चढून इथे यायच्या आणि हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई मायदेशी जायला इथेच जमायचे. सैन्य नेणारी जहाजं मात्र मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याने पुढच्या हंगामापर्यंत छावणीत बसून राहायचं. कवायत नाही, काम नाही, घरी जायची तारीख नाही. वर उन्हाळा, मलेरिया आणि दारू. त्यात काही जण खचले, काही भ्रमिष्ट झाले. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीवर पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आलं आहे. शिपायांचा मूळ शब्द होता ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि गाव तेवढं उरलं.

आता दोष कोणाचा ते पाहा. माणसांना महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं लष्कराने. जहाजांचं वेळापत्रक ठरवलं सरकारने. रिकाम्या हातांना काम दिलं नाही अधिकाऱ्यांनी. आणि नाव लागलं देवळालीला! खरं तर हवा इतकी चांगली, की मुंबईची माणसं दुखण्यातून उठल्यावर विश्रांतीसाठी देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये येऊन राहायची. जिथे लोक बरे व्हायला यायचे, त्या गावाचं नाव इंग्रजांनी आजाराला दिलं.

हा एकच नमुना नाही. इंग्रजीत ‘शांघाय करणं’ असं क्रियापद आहे. अर्थ, माणसाला फसवून किंवा गुंगीचं औषध देऊन जहाजावर चढवणं आणि जबरदस्तीने खलाशी बनवणं. हा धंदा चालायचा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या अमेरिकी बंदरांत. दलाल अमेरिकेतले, माणसं उचलली जायची अमेरिकेतून, दर माणशी पैसे मोजायचे जहाजांचे कप्तान. १९१५ साली खलाशांसाठी कायदा झाला, तोही अमेरिकेतच. शांघायचा संबंध एवढाच की ते दूरचं, जहाजं जायची असं बंदर होतं. तरी क्रियापदात सॅन फ्रान्सिस्को नाही, शांघाय आहे. करणारा एक आणि बदनाम दुसरा, हा इंग्रजीच्या साम्राज्यकाळातला जुना हिशेब आहे.

कोणी म्हणेल, शब्दच तो, बोलणाऱ्याला गाव कुठे आठवतं? माझी तक्रार नेमकी तीच आहे. गाव विसरलं गेलं आणि अपमान राहिला. बीबीसीने १९७४ साली देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिका सुरू केली, ती १९८१ पर्यंत चालली. सुरुवातीच्या भागांत भारतीय बेअररचं काम चेहऱ्याला रंग फासलेल्या गोऱ्या नटाने केलं. देवळालीच्या माणसाला स्वतःच्या गावात उभं राहायलाही जागा मिळाली नाही.

पण इंग्रजांवर बोट रोखून आपल्याला सुटता येणार नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला दाखवून आणा’ ही वाक्यं आपल्याच तोंडची आहेत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं बरी होऊन घरी गेली. डॉक्टरांनी, परिचारिकांनी तिथे आयुष्यं घातली. आपण मात्र त्या शहराचं नाव टिंगलीला वापरलं. यात गावाचा अपमान आहेच, पण आजारी माणसाचा त्याहून मोठा आहे. ज्या घरात कोणाला उपचारांची गरज आहे, ते घर या एका वाक्याच्या धाकाने दवाखान्याची पायरी चढत नाही. छावणीतल्या त्या शिपायांनाही हवी होती मदत. त्यांना मिळालं हसू.

देवळालीची ओळख सांगायची तर वेगळीच सांगता येईल. शेतमाल नेणारी देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. भारतीय तोफखान्याचे अधिकारी आणि जवान देवळालीच्या शाळेत घडतात. इंग्रजी शब्दकोशातल्या त्या नोंदीशेजारी हे छापून येणार नाही. ते आपणच सांगायचं आहे.

म्हणून दोन मागण्या. नाशिक जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी हा शब्द वर्गात त्याच्या इतिहासासकट शिकवावा, आणि लंडन-लेस्टरच्या मराठी मंडळींनी तो कानावर पडला की समोरच्याला देवळाली कुठे आहे ते सांगावं. दुसरी मागणी तुम्हा-आम्हा सगळ्यांकडे. ‘ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आजपासून बंद करा. ते जिभेवर असेपर्यंत इंग्रजांकडे जाब मागायचा हक्क आपल्याला नाही.