बॅटरीवरचा पायाळू

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, हे आमच्या आजोळी सगळ्यांना ठाऊक होतं. अंजन कशाचं घालायचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे गावात दोन-दोन पायाळू असूनही हंडा काही निघाला नाही. वीज पायाळूवरच पडते म्हणून वळवाच्या दिवसांत त्यांना घरात कोंडायचे, तेवढं नेमाने व्हायचं. पायाळूची सुधारलेली आवृत्ती बघायला मला थेट इंग्लंडात, सफक परगण्यात जावं लागलं. ही आवृत्ती बॅटरीवर चालते, कानांवर हेडफोन लावते आणि नात्याने माझी साडू लागते.

साडू तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होते. निवृत्त झाल्यावर ते ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, मागेमागे स्वयंपाकघरात हिंडू लागले आणि फोडणीत मोहरी किती यावर मतं देऊ लागले. ताई म्हणाली, "अहो, जरा बाहेर जा. मातीत हात घाला." तिच्या मनात गुलाब होते. साडूंनी मेटल डिटेक्टर आणला.

साडू एकटे नाहीत, ही अख्खी जमात आहे. पीक निघालं की शनिवारी सकाळी धसकटांमधून एकेक मूर्ती अंगण झाडल्यासारखी मशीन डावीकडून उजवीकडे फिरवत चाललेली दिसते. अंगात झाडीत मिसळून जाणारे लष्करी छापाचे कपडे. लपायचं कुणापासून ते कळत नाही. मेंढ्या तर सगळ्या टक लावून बघत असतात. कमरेला दोन थैल्या: एक सापडलेल्या वस्तूंची, दुसरी कचऱ्याची. पहिली कायम सपाट. बूट रबरी, कारण पोलादी टोपीचे घातले तर मशीनला पावलागणिक मालकाचा अंगठाच सापडतो. दोघे समोरासमोर आले की एक विचारतो, "काही मिळालं?" दुसरा म्हणतो, "छे, कचरा." असं म्हणताना हात खिशावर गेला तर समजावं, मिळालंय. शेत कुठलं, ते कुणी कुणाला सांगत नाही. पावसाळ्यात कोकणातला माणूस अळंब्यांची जागा सांगेल, पण हा शेत सांगणार नाही. शेतमालकाची परवानगी घ्यायची आणि निघेल त्यात सहसा त्याचा निम्मा वाटा, हा रिवाज. आजवर साडूंनी मालकाला निम्मं काय दिलं असेल, याचा मी हिशेब केला. दीड बटण.

"सोपं ते सगळं लोकांनी नेलं," साडूंनी पहिल्याच दिवशी मला ऐकवलं. "या शेतांत वर्षानुवर्षं माणसं मशीन घेऊन फिरताहेत. आता उरलंय ते अवघड." 'अवघड' हा शब्द ते अनवट रागाच्या नावासारखा उच्चारतात. मैफलीत यमन सुरू झाला की पान खायला उठणारे रसिक असतात ना, तसे साडू खणखणीत सिग्नल आला की नाक मुरडून पुढे जातात. "हे काय, कुणालाही ऐकू येईल!"

अवघड म्हणजे काय, ते मला रोज जेवताना समजावून सांगितलं जाई. कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते, त्यांनी धातूमध्ये भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात, आणि त्यांचं उत्तर दुसरी कॉइल ऐकते. उत्तराच्या चालीवरून मशीन धातू ताडतं आणि आकडा दाखवतं. नाणं आडवं निजलेलं असेल तर वीतभर खालूनही ओ देतं. तेच कडेवर उभं असलं तर रुसलेल्या जावयासारखं नुसतं पुटपुटतं. शेजारी लोखंडी खिळा असला की संपलंच. बैठकीत मुलाची आत्या बोलू लागल्यावर मुलाचं मत कुणाला कळत नाही, तशी चांदी गप्प होते. आणि सगळ्यात कहर म्हणजे बारीक सोन्याचा नि चॉकलेटच्या चांदीचा आकडा जवळपास एकच येतो. कचरा नको म्हणून ते आकडे बंद केले की त्याबरोबर अंगठ्याही गेल्या. मंगळ नको म्हणता म्हणता चांगली स्थळं हातची जावीत, तसं.

एका शनिवारी मी बरोबर गेलो. दोन तासांत साडूंनी तीन स्वच्छ सूर नाकारले आणि एका कण्हण्यापाशी थांबले. मला ते कण्हणं ऐकूच आलं नाही. हेडफोन माझ्या कानाला लावून ते म्हणाले, "आता? आता?" मी पुण्याचा, न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय आहे. मग ते नव्वद अंशांत वळले आणि आडव्या दिशेने कॉइल फिरवली. खिळा एका दिशेने चांदीचं सोंग घेतो, पण दिशा बदलली की बहुधा उघडा पडतो, हे त्यामागचं शास्त्र. कण्हणं दोन्हीकडून आलं. साडूंनी त्या जागेला प्रदक्षिणा घातली, मोठी कॉइल काढून छोटी बसवली, गवताचा चौकोनी तुकडा चपातीसारखा अलगद उलटला आणि खणायला लागले. चार बोटं खणल्यावर खड्डा गप्प. याचा अर्थ वस्तू बाहेर काढलेल्या मातीत गेली. मग गुडघ्यांवर बसून एकेक मूठ माती कॉइलवरून फिरवणं सुरू झालं, लिंबू-मिरची ओवाळल्यासारखं. पाऊण तासाने एका मुठीने हुंकार दिला. आत काडतुसाचं पितळी बूड होतं.

"वा," साडू म्हणाले. मनापासून म्हणाले. त्याच क्षणी मला या माणसाचं मर्म कळलं. त्यांना खजिना नकोच आहे, त्यांना शंका हवी आहे. होक्सनचं नाव काढलं की म्हणूनच ते चिडतात. होक्सन याच परगण्यात. १९९२ साली एका शेतकऱ्याची हातोडी हरवली, ती शोधायला त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि लागला तो रोमन काळातल्या १४,८६५ नाण्यांचा साठा. त्या भल्या माणसाने सगळं उपसून न काढता तज्ज्ञांना बोलावलं. हातोडीसुद्धा सापडली आणि तीही ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसली. "चौदा हजार नाण्यांचा ढीग!" साडू म्हणतात. "त्यात कौशल्य काय?" त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली मोठी गोष्ट काडेपेटीत कापसावर ठेवलेली आहे: नखाएवढा चांदीचा तुकडा. १२७९च्या आधी इथे मोड हवी असली की गोल पेनीच कापून तिचे चार तुकडे करत. त्यातला हा चतकोर, आणि तोही खिळ्याखालून काढलेला. साडूंनी तो मला भिंगातून दाखवला. मी म्हटलं, "आपल्याकडे भाकरीचा करतात." त्यांनी काडेपेटी मिटली.

रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावी हे मशीन चालेल का, असंही मी विचारलं होतं. जांभ्यातल्या लोहाने ते दिवसभर बोंबलेल, असं उत्तर मिळालं. शिवाय आपल्याकडे १८७८चा कायदा आहे: जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. इंग्लंडात खजिना सापडला तर चौदा दिवसांत कळवायचं ते कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला. हे ऐकल्यापासून ताईला त्या अधिकाऱ्याविषयी विशेष आस्था वाटू लागली आहे. त्याचं कारण साखळीचं प्रकरण.

ही मंडळी मशीनची परीक्षा घ्यायला घरामागच्या बागेत मुद्दाम वस्तू पुरतात. साडूंनी नाणी पुरली, अंगठी पुरली, सगळी सापडली, म्हणून अर्थातच त्यांना चैन पडेना. जमातीतल्या जाणकारांनी सांगितलं होतं की सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे सोन्याची नाजूक साखळी. मशीनला ती अखंड दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि एका कडीत जीव तो किती! साडूंनी ताईची, तिच्या आईने दिलेली, दीड तोळ्याची साखळी नेऊन पुरली. जाणकारांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

ताई आठवडाभर बोलली नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "अलीकडचं असलं की खजिन्यात धरत नाहीत ना? मग कॉरोनर दुसऱ्या कारणासाठी येईल."

साडूंनी बागेत दोऱ्या बांधून चौकोन पाडले. साखळी उजव्या कुंपणापाशी पुरली आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "डावीकडे कोथिंबिरीपाशी बघा," ताई म्हणाली; तिने खिडकीतून पाहिलं होतं. त्यावर साडूंनी आम्हाला ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितली. १८८१ साली अमेरिकेच्या गारफिल्ड अध्यक्षांना गोळी लागली तेव्हा बेलने ती शोधायला एक यंत्र बनवलं. आताच्या डिटेक्टरांचं ते खापरपणजोबा. पण पलंगाच्या गादीत स्प्रिंगा होत्या, त्यांनी गोंधळ घातला, आणि डॉक्टर हटून बसले होते की गोळी उजव्या बाजूलाच आहे. बेलने उजवीकडे शोधलं. गोळी डावीकडे होती. अध्यक्ष सप्टेंबरात वारले.

"बघितलंत?" साडू म्हणाले. "गादी आधी काढायला हवी होती." आणि उजव्या कुंपणाकडे गेले.

आम्ही पुण्याला परतलो त्याला आता दोन महिने झाले. परवा ताईचा माझ्या बायकोला फोन आला. भाजीत घालायला कोथिंबीर उपटली तर मुळांना लोंबत साखळी वर आली. धुतली, पुसली आणि हिंगाच्या डबीत ठेवली; हिंगाच्या डबीला साडू हात लावत नाहीत. "त्यांना नको सांगूस," ताई म्हणाली. "शनिवार-रविवार घरी असतात गं हल्ली. बागही छान भुसभुशीत झालीय. मी गुलाब लावलेत."

काल रात्री साडूंनी मला फोन केला. आवाज बारीक, पण थरथरत होता. उजव्या कुंपणाजवळ, हातभर खाली, एक कण्हणं लागलं होतं. दोन्ही दिशांनी.

"खणा," मी म्हटलं. "पण सावकाश."