सर्वांगीण बाई

खासगी संस्थेच्या कन्याशाळेत एक तरी सर्वांगीण बाई असतातच. शाळा जळगावची असो की धुळ्याची, नेमणूक भूगोलासाठी झालेली असते. पण संस्थेच्या माहितीपत्रकात ‘मुलींचा सर्वांगीण विकास’ छापलेला असतो आणि तो कुणीतरी करायचा असतो. बाकीचे शिक्षक आपापलं एकेक अंग धरून बसतात. उरलेली सगळी बाईंकडे: कार्यानुभव, लेझीम, कबड्डी, रांगोळी, लोहाच्या गोळ्या आणि अध्यक्षांचं भाषण.

बाईंच्या पिशवीत शिट्टी, सुईदोरा, ग्लुकोज, सेफ्टी पिनांची माळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड. पोट धरून येणारी मुलगी उपाशी आहे, पाळी आलीय की चाचणी बुडवायचीय, हे त्यांना तिच्या चालीवरूनच कळतं. तिन्हींवर औषध वेगळं. तिसऱ्यावर नुसती नजर.

वक्तृत्व स्पर्धेला बहिणाबाई ठरलेल्या. आसोद्याच्या या माउलीनं शाळा पाहिली नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. ‘त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं’ या वाक्यावरच मुलगी दरवर्षी अडते. मग बाई पहिल्या रांगेतून तेच वाक्य पुठ्ठ्यावर लिहून दाखवतात.

एकदा एका मुलीची आई फाटकातच आडवी आली, “बाई, मन्ही पोरले कबड्डीमा टाकू नका, हातपाय मोडी.”

“उशीर व्हई गया ना माय,” बाई म्हणाल्या, “ती कॅप्टन शे.”

पुढच्या आठवड्यात तीच आई डबाभर भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन संघाला निरोप द्यायला स्टँडवर हजर. स्पर्धा धुळ्याला. एरंडोल येईपर्यंत भरीत संपलं, पारोळ्यापर्यंत दोघींना उलट्या झाल्या, पिशवीतलं ग्लुकोज तिथंच संपलं. मार्च 2023 मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, ते बाईंच्या आधी संस्थेच्या खजिनदारांना कळलं. प्रवासभत्ता त्याच महिन्यात निम्मा झाला. (विकासाचं कुठलंच अंग इतक्या चपळाईनं हलल्याचं मी पाहिलेलं नाही.)

आता 2020 च्या शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक आलंय. मुलीनं स्वतःबद्दल लिहायचं, मैत्रिणीनं तिच्याबद्दल आणि शेवटी बाईंनी. आमच्या कॅप्टननं लिहिलं, ‘मी समजूतदार आहे.’ मैत्रिणीनं लिहिलं, ‘खोटं आहे. डबा देत नाही आणि चिमटे काढते.’ बाईंनी खाली शेरा मारला, ‘नेतृत्वगुण दिसतात.’

सही करतात न करतात तोच शिपाई चिठ्ठी घेऊन आला. गणिताचे सर रजेवर, नववी ‘ब’ मोकाट.

“गणितसुद्धा सर्वांगीणमध्ये येतं का हो?” बाईंनी विचारलं.

“मुख्याध्यापक म्हणाले, आजच्यापुरतं येतं.”