सात व्होल्टांचा हिशेब

या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकांचा राउटर तव्यासारखा तापू लागला. काकांनी पुण्याच्या तापकीर गल्लीतून तळहातावर मावेल एवढा पंखा आणला. ५ व्होल्ट, ०.२ अँपिअर. घरात स्कूटरची बॅटरी पडून होती, १२ व्होल्टची. "अडकलेलं भांडवल आहे रे ते!" मीटरवर ती १२.७ भरली. "वरचे सत्तर पैसे सोडून देऊ," काका म्हणाले. उभी हयात हिशेबखात्यात गेलेली. व्होल्टही त्यांना रुपयांतच दिसतात.

"बारातून पाच गेले, राहिले सात. हे सात कुठल्या खात्यावर टाकायचे?"

आधी ते रेझिस्टरच्या खात्यावर पडले. भागाकारात ३५ ओहम आले. दुकानात ३३ नाहीतर ३९. काकांनी ३९चा घेतला, तोही पाव वॉटचा, कारण स्वस्त. बिचाऱ्याच्या अंगावर पडला सव्वा वॉटच्या आसपास बोजा. रंगीत पट्टे काळे पडले.

"काय जळतंय हो?" आतून काकू.

"सात व्होल्ट!"

मग आला तीन पायांचा ७८०५. आत बारा घाला, बाहेर बरोब्बर पाच. काका खूश. सातांचं काय केलं ते मात्र त्यानं सांगितलं नाही. पाठीला बोट लागलं तेव्हा कळलं. पंख्याला १ वॉट आणि नुसती धग १.४ वॉट. पोळलेलं बोट तोंडातून काढून काका म्हणाले, "मुद्दलापेक्षा दलाली जास्त!"

मी बक कन्व्हर्टर सुचवला. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, कॉइलमध्ये साठवत साठवत वीज पुढे सोडतो, त्यामुळे वाया फार थोडी जाते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे हप्त्याहप्त्यानं?"

हप्त्यावर त्यांनी कधी मिक्सरसुद्धा घेतलेला नाही. विषय तिथंच मिटला.

परवा गेलो तर पंखा भिरभिरत होता. ७८०५च्या पाठीला ॲल्युमिनिअमची पट्टी, आणि पंख्याचं तोंड बरोबर त्या पट्टीवर. "लाव हात, लाव." लावला. खरंच गार.

"आणि राउटर, काका?"

त्यांनी हनुवटीनंच दाखवलं. कोपऱ्यात काकू मागच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन राउटरला वारा घालत होत्या.