परसातले ज्योतिर्विद

पेन्शन मंजूर झाल्यानंतर हाती जो रिकामा वेळ उरतो, त्याचा विनियोग कोणी पारायणात, कोणी सोसायटीच्या चिटणीसपदात, तर कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या शेजाऱ्यांच्या घशाखाली उतरविण्यात करतो. परंतु या सर्वांहून निरुपद्रवी, आणि तरीही कुटुंबीयांच्या सहनशक्तीचा सर्वाधिक अंत पाहणारा असा एक वर्ग आहे, जो हा सारा वेळ परस्पर आकाशाच्या खाती जमा करतो. पुण्याच्या जुन्या उपनगरांत, जेथे बंगल्यामागे अद्याप चार हात परस आणि त्या परसात एखादा आंबा तग धरून आहे, तेथे या वर्गाचा एखादा तरी प्रतिनिधी हटकून आढळतो. त्याला आपण सोयीसाठी नाना म्हणू.

नानांची सारी हयात महसूल खात्यात गेली. अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, पण दफ्तराने मात्र त्यांना अद्याप कार्यमुक्त केलेले नाही. त्यांची निरीक्षणवही उघडावी, तो गुरूच्या चंद्रांची नोंद अशी: ‘रात्रौ नऊ वाजता जागेवर जाऊन समक्ष पाहणी केली. पूर्वेस एक, पश्चिमेस तीन, एकूण चार. तक्रार नाही.’ ढग आले की ‘काम तहकूब’ असा शेरा पडतो, आणि शेजारच्या गच्चीवरचा दिवा रात्री अकरानंतरही जळत राहिला तर त्याची रीतसर कैफियत, दिव्याच्या वॅटसंख्येसह, दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या दारी दाखल होते. शेजारी भला असल्यामुळे दिवा मालवतो. चोर आलाच तर तो नानांनी दुर्बिणीतून पाहावा, एवढीच त्याची अट आहे.

दुर्बीण सहा इंची, न्यूटनच्या पद्धतीची. नळी पांढऱ्या पीव्हीसी पाइपाची असल्याने नळकामासाठी आलेल्या प्लंबरने ती एकदा जोडणीसाठी उचललीही होती. परंतु नानांच्या ममत्वाचा खरा विषय दुर्बीण नव्हे. तो आहे तिच्या कुशीत खोवायची नेत्रिका. दुर्बिणीचा आरसा बिचारा प्रकाश गोळा करून त्याची इवलीशी प्रतिमा उभी करण्यापलीकडे काही करीत नाही. ती प्रतिमा किती मोठी करून पाहायची, हे डोळ्याशी असलेली ही अंगठ्याएवढी नेत्रिका ठरविते, आणि त्याचा हिशेब इतका सरळ की चौथीतल्या मुलाने करावा: आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. नानांच्या आरशाचे अंतर १२०० मिलिमीटर. त्याला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की वर्धन ४८ पट, १० ची लावली की १२०, ६ ची लावली की २००. सामान्य माणूस भागाकार झाला की थांबतो. नानांच्या आयुष्यातील खर्चाचे प्रकरण त्या भागाकारापासून सुरू झाले. कारण १२० आणि २०० यांच्यामध्ये त्यांना एक रिक्त पद दिसू लागले, आणि रिक्त पद भरल्यावाचून सरकारी माणसाला स्वस्थ झोप कशी लागावी? तेथे ८ मिलिमीटरची नेमणूक झाली. मग ८ आणि १० यांच्यातही अंतर आहे, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली. आज आस्थापनेवर अकरा नेत्रिका आहेत, आणि त्यांच्या निवासासाठी आतून मखमल लावलेली जी शिसवी पेटी नेमून दिली आहे, ती नानीच्या माहेरहून आलेली दागिन्यांची पेटी होय. दागिन्यांची रवानगी तांदळाच्या डब्यात झाली, याची वाच्यता चारचौघांत करू नये, असा नानीचा सक्त हुकूम असल्याने आम्ही ती येथे फक्त वाचकांपुरती करीत आहोत.

एकेका नेत्रिकेला तिचे गोत्र आणि प्रवर आहेत, आणि नाना ते उच्चारल्यावाचून तिला हात लावीत नाहीत. ही हायगेन्सची, दोन भिंगांची, सतराव्या शतकातली, साधी पण कुलीन. ही केलनरची, १८४९ सालची. ही व्हिएन्नाच्या प्लॉसलची, १८६० सालची, दोन जोडभिंगांची, आणि आजही गरिबांचा आधार. ही येनाच्या आबेची, १८८० सालची, ग्रहांसाठी अजोड. पेटीच्या अगदी मधल्या कप्प्यात, वेगळ्या रुमालात गुंडाळलेली, अमेरिकेच्या अल नागलर यांच्या रचनेची ८२ अंशांच्या दृष्टिक्षेत्राची एक वजनदार नेत्रिका आहे. तिची किंमत अख्ख्या दुर्बिणीहून अधिक आहे, ही बाब घरात अद्याप उघड झालेली नाही. हायगेन्सने शनीची कडी ओळखली, तेव्हा त्याच्यापाशी यांतले फारसे काही नव्हते, असे आम्ही एकदा सुचवून पाहिले. त्यावर नाना इतकेच म्हणाले, “म्हणूनच त्याला मधली फट दिसली नाही. ती कासिनीला दिसली.” इतिहास त्यांच्या बाजूने असल्याने आम्ही गप्प बसलो.

या आस्थापनेवरील सर्वांत उपद्रवी इसम म्हणजे बार्लो, अर्थात वर्धन दुप्पट करणारे अंतर्वक्र भिंग. पीटर बार्लो हा वुलिचचा गणिती होता, आणि आपल्या नावाने पुढे किती लोक आपली रात्र फुकट घालवतील याची त्याला कल्पना नसावी. सहा इंची आरशाला साधारण ३०० पटींपलीकडे काही झेपत नाही, हे नानांना पाठ आहे, पुण्याच्या हवेत बहुतेक रात्री तेवढेही झेपत नाही, हेही त्यांनी स्वहस्ते नोंदविले आहे, तरीही पाहुणे आले, गप्पा रंगल्या आणि कोणी अजाणतेपणी “यापेक्षा मोठं नाही का दिसत?” असे विचारून बसले, की ६ च्या मागे बार्लो चढतो, वर्धन ४०० पट होते, आणि शनी मिसळीच्या रश्श्यावरील तर्रीच्या थेंबासारखा लवलवू लागतो.

शिवाय पृथ्वी फिरते. ही गोष्ट शाळेत शिकविलेली असली तरी तिचा प्रत्यक्ष जाच नानांच्या परसात होतो. दुर्बिणीला यंत्राची गती नाही. ती हातानेच सरकवावी लागते. आकाश मिनिटाला पाव अंश पश्चिमेकडे सरकते, आणि २०० पट वर्धन करणाऱ्या साध्या प्लॉसलमधून एकंदर पाव अंशच आकाश दिसते. म्हणजे शनी एका कडेने आत आला की मिनिटाभरात दुसऱ्या कडेने पसार. त्या मिनिटात नानांनी “या, या” म्हणायचे, पाहुण्याने चष्मा काढायचा, पदर किंवा टाय सावरायचा, वाकायचे आणि कोणता डोळा मिटायचा हे ठरवायचे. एकदा अशा रांगेतल्या सात जणांनी एकापाठोपाठ एक “अहाहा” म्हटले, आणि नानांनी शेवटी स्वतः डोळा लावला तेव्हा आत निखळ काळोख होता. त्या सातांपैकी नेमके किती जणांनी शनी पाहिला, याची चौकशी नानांनी सभ्यपणे मागे घेतली. आमचे मत विचाराल तर ४८ पटींत, पूर्ण अंशभर आकाशात, शांतपणे लटकलेला शनी कितीतरी देखणा दिसतो. पण २५ मिलिमीटरची नेत्रिका दुर्बिणीबरोबर फुकट आलेली असल्याने तिला नानांच्या दरबारी मानाचे पान नाही.

चष्म्याचे प्रकरण आणखी नाजूक. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलला डोळा जेमतेम चार-पाच मिलिमीटरांवर टेकवावा लागतो, तेथे चष्म्याची काच आड येते. जवळचे-लांबचे दोष दुर्बिणीच्या फोकसने निभावतात, पण सिलिंडरचा नंबर असेल तर निभावत नाहीत, म्हणून नाना प्रत्येक पाहुण्याच्या नंबराची जबानी घेतात. त्याहून पुढची पायरी वयाची. ४० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका पाच मिलिमीटर जाडीची असते. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, पण वय वाढत जाते तशी ती पाचावर आणि त्याखाली येते. तेव्हा पुढचा प्रकाश वाया जाऊ नये, या शुद्ध शास्त्रीय हेतूने नानांनी गेल्या कोजागरीला विहीणबाईंना भर परसात विचारले, “वय काय आपलं?” मसाला दूध निवून गेले, पण उत्तर आले नाही.

नानांना एक दुःख आहे, आणि ते अस्सल पुणेरी आहे. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली, प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तेथे डब्लिनच्या ग्रबकडून २० इंची दुर्बीण आणविली, आणि ते १९१२ साली निवृत्त होताच ती वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली. नाना हे अशा स्वरात सांगतात की, ऐकणाऱ्याला वाटावे, ट्रक आत्ताच कात्रजचा घाट उतरत आहे आणि धावलो तर अजून गाठता येईल.

मौजेची गोष्ट अशी की, नवशिक्याला सल्ला देताना हेच नाना विवेकाचा पुतळा बनतात. ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कार्यक्रमांना ते जुने सभासद म्हणून जातात. १९४४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे वय ते स्वतःच्या वयात मिळवून सांगतात, असा आमचा जुना संशय आहे. तेथे एखादा कॉलेजकुमार नेत्रिकांची यादी पुढे करतो. नाना ती वाचतात, लाल पेन्सिलीने सारी खोडतात आणि म्हणतात, “अरे बाळा, एक २५, एक १०, बस्स. बाकी पैशात पेट्रोल टाक आणि अंधारात जा.” मुलगा भारावून निघून जातो, आणि नाना घरी येऊन १३ मिलिमीटरच्या चौकशीचे पत्र लिहावयास बसतात.

पावसाळ्याचे चार महिने परसात काही घडत नाही. या काळात नाना दमट हवेत भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या वाळवितात, आणि त्या नानीच्या तव्यावर वाळवितात.

२०२५ च्या दिवाळीत जावई, विहीणबाई, त्यांचे बंधू असा परिवार जमला. आकाश फटाक्यांच्या धुराने राखाडी झालेले. पण शनी पूर्वेस वर चढून आला होता. विहीणबाईंच्या बंधूंनी प्रथम शंका काढली की, साडेसाती चालू असताना पाहिले तर चालते का. नाना म्हणाले, “तो आपल्याकडे पाहतोच आहे, आपणही एकदा पाहून घ्यावं.” बंधूंनी डोळा लावला, आणि बराच वेळ लावून ठेवला.

“कडं कुठं आहे, नाना?”

नानांनी समजावून सांगितले की, शनीची कडी दर पंधरा वर्षांच्या सुमारास आपल्या दृष्टीच्या अगदी पातळीत येतात, त्या वर्षी ती तशीच आलेली आहेत, म्हणून आडवी रेघ तेवढी दिसते. यात ना ग्रहाचा दोष, ना दुर्बिणीचा. मंडळींच्या मुद्रेवर मात्र यजमानांनी पक्वान्नातले मुख्य जिन्नस काढून ठेवल्याचा भाव स्पष्ट होता. तेव्हा नानांनी वही काढली, कंदिलाच्या उजेडात पान उलगडले आणि घोषणा केली की, कडी हळूहळू उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरतील. तरी सर्वांनी त्या दिवाळीला अवश्य यावे, आणि त्या प्रसंगासाठी एक ७ मिलिमीटरची नेत्रिका आताच मागवून ठेवण्याची तजवीज त्यांनी केलेली आहे.

“अहो,” स्वयंपाकघराच्या दारातून नानी म्हणाली, “मग तोवर तांदळाचा डबाही मोठा आणा.”